हा निळा खरा का? लाजवर्दाची माळ, खाण आणि व्यापार

मणिमाला
आजीची जुनी पेटी आवरताना तळाशी कापडात गुंडाळलेली एक निळी माळ सापडली. ४१ मणी, वाटाण्याएवढे, अगदी सारखे नाहीत. दोरा हात लावताच तुटला आणि एक मणी फरशीवर पडून दुभंगला. जीव हळहळला, पण त्यामुळेच आतला भाग बघायला मिळाला. आतही तोच गर्द निळा, मधून एक पांढरी शीर गेलेली, आणि तिरपा धरला की सुईच्या टोकाएवढे पिवळे ठिपके चमकतात.

ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, हा लाजवर्द आहे, म्हणजे लॅपिस लाझुली. तेव्हापासून मिळेल ते वाचत सुटले आहे. प्राचीन जगातला जवळजवळ सगळा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधल्या एकाच खोऱ्यातून आला, हे वाचून थक्क झाले. सुमेर, इजिप्त, सगळीकडे तिथूनच!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माळ खरी आहे हे घरच्या घरी कळेल का? मणी खराब न करता. दोन, हिऱ्यामाणकासारखा पारदर्शक नाही, लखलखत नाही, तरी या दगडापायी माणसं हजारो वर्षं डोंगरदऱ्या तुडवत राहिली ती का? मला वाटतं, त्या काळी दुसरा टिकाऊ निळा रंगच नव्हता, म्हणून. बरोबर आहे का हे?

वाचनमात्र
छान धागा. जागा धरून बसतो.

खनिजवेडा
ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

लाजवर्द हे एक खनिज नाही, तो खडक आहे. तीन-चार खनिजं एकत्र नांदतात त्यात. निळं असतं ते लाझुराइट, पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या, पिवळे ठिपके पायराइटचे. शिवाय डायोप्साइड वगैरे मंडळी असतात. संगमरवरात तप्त द्रव शिरून आतली रसायनं बदलली की हा तयार होतो, म्हणून खाणीतही तो पांढऱ्या संगमरवराच्या पोटात पट्ट्यांसारखा आणि गोळ्यांसारखा सापडतो.

रंगाचं कारण मला फार आवडतं. बहुतेक निळ्या-हिरव्या दगडांत तांबं, लोह, कोबाल्ट असा कुठला तरी धातू रंग देतो. इथे रंग देतो तो गंधक. गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र येऊन लाझुराइटच्या जाळीत अडकलेले असतात आणि ते पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात. उरतो तो हा निळा. पिवळ्याधमक गंधकातून असा निळा निघतो!

आता माळ. आतपर्यंत सारखा रंग, पांढरी शीर, विखुरलेले पिवळे ठिपके, ही तिन्ही लक्षणं चांगली आहेत. पण यावरून खात्री देता येत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर ठिपके नीट बघा. खऱ्या पायराइटच्या कडा वेड्यावाकड्या असतात, कुठे कुठे ठिपके जुळून रेघ झालेली असते. सगळे ठिपके एका मापाचे आणि सारख्या अंतरावर दिसले तर शंका घ्यायची.

सोनसळी
मी फसले आहे यात, म्हणून लिहिते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "अस्सल लॅपिस" म्हणून हार घेतला होता. दोन महिन्यांत मानेवर निळे डाग यायला लागले, मणी राखाडी पडले. एका रत्नपारख्यांनी सांगितलं की हा हाउलाइट आहे, पांढरा सच्छिद्र दगड, रंगात बुडवून काढलेला. भोकाच्या आत भिंगाने पाहिलं तर आत पांढराच होता. विक्रेत्याने फोन उचलायचं बंद केलं.

मणिमाला, तुमच्या फुटलेल्या मण्यात आत रंग आहे म्हणजे निदान हा प्रकार तरी नाही.

उत्खनन
दुसऱ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत वेगळं आहे. "दुसरा निळा नव्हता म्हणून" हे कारण टिकत नाही.

इजिप्शियन लोकांकडे निळा होता. वाळू, चुना आणि तांबं भट्टीत भाजून ते स्वतःचा निळा रंग बनवत, इसवीसनापूर्वी तिसऱ्या सहस्रकापासून. निळी काच होती, निळी झिलई दिलेली भांडी-मूर्ती होत्या. तूतनखामुनचा मुखवटा बघा. डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे लाजवर्दाचे असल्याचं सर्रास लिहिलं जातं. ते काचेचे आहेत. लाजवर्द आहे तो भुवयांत आणि डोळ्यांभोवतीच्या रेघेत. म्हणजे कारागिराने काच मोठ्या जागेवर वापरली आणि दगड राखून ठेवला तो राजाच्या नजरेसाठी.

मेसोपोटेमियात तर भाषाच साक्ष देते. अक्कडियन भाषेत लाजवर्दाला उक्नू म्हणत. त्यात दोन प्रकार लिहिलेले सापडतात, "डोंगराचा उक्नू" आणि "भट्टीचा उक्नू". भट्टीचा म्हणजे निळी काच. दोन्ही निळेच, दोन्ही वापरात, तरी लिहिताना फरक करायचे. रंग तर भट्टीतूनही मिळत होता. त्यांना डोंगराचाच हवा होता.

पैलू
वा! म्हणजे "ओरिजिनल आहे ना हो?" हा प्रश्न साडेतीन हजार वर्षं जुना आहे तर. 😄

उत्खनन
@पैलू, अगदी. आणि त्या प्रश्नाला राजेसुद्धा सुटले नाहीत. बॅबिलोनचे राजे इजिप्तच्या फॅरोला लाजवर्द भेट पाठवायचे आणि बदल्यात सोनं मागायचे. मातीच्या पाट्यांवरचा तो पत्रव्यवहार इजिप्तमध्ये अमार्ना इथे सापडला आहे.

आजच्या इराकातल्या उर या प्राचीन शहराच्या राजथडग्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायचा मोह आवरत नाही. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उरला उत्खनन केलं. तिथली राजथडगी इसवीसनापूर्वी २५०० च्या आसपासची, आणि त्यांत लाजवर्द अक्षरशः ओंजळीने सापडला. वीणेवर बसवलेल्या सोन्याच्या बैलाला लाजवर्दाची दाढी. "उरचं निशाण" म्हणतात ती ब्रिटिश म्युझियममधली पेटी: लांबी जेमतेम अर्धा मीटर, त्यावर शिंपल्यातून कापलेली माणसं, गाढवं, रथ, आणि मागची सगळी पार्श्वभूमी लाजवर्दाच्या बारीक बारीक तुकड्यांची. आपण बघतो माणसांकडे, पण खरा खर्च त्या पार्श्वभूमीवर झालेला आहे.

आणि पुआबी, तिथल्याच एका थडग्यातली राणी. तिचं नाव आपल्याला कळलं ते तिच्या अंगाजवळ सापडलेल्या दंडगोल मुद्रेवरून. ती मुद्रा लाजवर्दाची आहे. उरपासून बदख्शान सरळ रेषेतही दोन हजार किलोमीटरहून दूर. चाकाची गाडी त्या डोंगरांत चालत नाही. माणसाच्या पाठीवर, गाढवाच्या पाठीवर, हातोहात बदलत तो दगड तिथवर आला आणि त्यावर एका बाईचं नाव कोरलं गेलं. म्हणून मी म्हणतो, मोल रंगाचं होतंच, पण त्याहून जास्त त्या वाटेचं होतं.

मणिमाला
@उत्खनन, मुखवट्याचं वाचून मी लगेच फोटो मोठा करून पाहिला. पट्टे आणि भुवई यांच्या निळ्यात खरंच फरक दिसतो, भुवईचा निळा जास्त खोल आहे. मी इतकी वर्षं सगळंच लाजवर्द समजत होते.

@सोनसळी, वाईट वाटलं. भोकं तपासते.

कुंचला
उत्खनन यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. दागिन्यांबद्दल त्यांचं बरोबर असेल. चित्रांबद्दल मणिमालाताईंचंच बरोबर आहे, तिथे खरोखर दुसरा तसा निळा नव्हता.

मी रंगवते, आणि एकदा हट्टाने लाजवर्दापासून रंग बनवून पाहिला आहे. दगड कुटून वस्त्रगाळ पूड केली की निळीशार मिळेल असं वाटतं. मिळते राखाडी. कारण कॅल्साइट आणि बाकीची खनिजंही सोबत कुटली जातात आणि ती निळ्याला गिळून टाकतात. निळा वेगळा काढायची कृती चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवली आहे. पाइनची राळ, मस्तकीचा डिंक आणि मेण वितळवायचं, त्यात पूड मिसळून कणकेसारखा गोळा करायचा, निदान तीन दिवस तो रोज मळत राहायचा. मग लाकडाच्या राखेच्या कोमट क्षारपाण्यात तो दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा कचरा गोळ्यातच राहतो.

मी ओंजळभर दगड घेतला होता. तासभर दाबूनही पाणी गढूळच. हात दुखले, सोडून देणार होते. आणि मग काठीखालून निळ्याचा एक धागा निघाला, पाण्यात वळत वळत खाली गेला आणि तळाशी बसला. त्या क्षणी मला कळलं माणसं यासाठी का वेडी होती. पहिल्या पाण्यात उतरतो तो सगळ्यात गर्द, पुढची पाणी फिकी होत जातात, शेवटी राखेसारखा निळसर करडा उरतो. तोही विकला जायचा, "अल्ट्रामरीन राख" या नावाने. ओंजळभर दगडातून मला पहिल्या प्रतीचा जेमतेम चमचाभर रंग मिळाला.

युरोपात या रंगाला अल्ट्रामरीन म्हणाले, म्हणजे समुद्रापलीकडचा. अझुराइट हा तांब्याचा निळा होता त्यांच्याकडे, स्वस्तही होता, पण त्यात हिरवट झाक असते. ती जांभळ्याकडे झुकणारी खोली फक्त लाजवर्दात.

टांकसाळ
कुंचला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यात हिशेबाची भर घालतो. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने दोमेनिको गिरलांदायो या चित्रकाराशी केलेला करार उपलब्ध आहे. निळा अल्ट्रामरीनच हवा आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा, असं त्यात कलम आहे. फ्लोरिन म्हणजे सोन्याचं नाणं. हलका निळा वापरून पैसे वाचवले जातील ही धास्ती ग्राहकाला होती, म्हणून दर्जा किमतीने बांधून घेतला.

येशूची आई मेरी, तिचं वस्त्र निळं रंगवायची प्रथा किती भक्तीची आणि किती खर्च मिरवण्याची, हे वेगळं काढता येत नाही. सगळ्यात महाग रंग सगळ्यात पूज्य व्यक्तीला वाहायचा, हा त्यांना नैवेद्यच वाटत असणार.

रानवारा
रंग म्हणून वापर अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांत पहिल्यांदा झाला ना? बुद्धमूर्तींजवळच्या भित्तिचित्रांत? खाणीपासून जवळही आहे ते.

कुंचला
@रानवारा, बामियानची चित्रं साधारण सहाव्या-सातव्या शतकापासूनची, आणि लाजवर्द त्यांत आहेच. पण अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांतही लाजवर्दाचा निळा ओळखला गेला आहे, तो त्याच्या आधीचा ठरतो. अजिंठ्याची त्याहून जुनी, सातवाहनकाळातली चित्रं पाहिलीत तर त्यांत निळा नाही. मधल्या काळात कुणीतरी तो दगड, किंवा पूड, तिथवर पोचवली.

रानवारा
हे माहीत नव्हतं. धन्यवाद, दुरुस्ती मान्य.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर, पण राहवत नाही. फारसी लाजवर्द. अरबीतून लॅटिनमध्ये गेला तेव्हा लाझुलुम झाला, आणि लॅपिस म्हणजे लॅटिनमध्ये नुसता दगड. पुढे युरोपीय भाषांत सुरुवातीचा ल गळाला, तो उपपद आहे असं वाटून. मग स्पॅनिशमध्ये निळा तो आसूल, इटालियनमध्ये आद्झुर्रो, इंग्रजीत ॲझ्युअर. म्हणजे अर्धं युरोप आभाळाला नाव देताना बदख्शानच्या दगडाचं नाव घेतं! संस्कृतात त्याला राजावर्त म्हणतात, रसशास्त्राच्या ग्रंथांत उपरत्नांमध्ये तो येतो. आपला लाजवर्दी रंग तर सगळ्यांना माहीत आहेच.

आणखी एक घोळ याच दगडाचा. ग्रीक-रोमन लेखक "सॅफायरस" म्हणतात, त्यात सोनेरी ठिपके असल्याचं प्लिनी लिहितो. आजच्या नीलमात सोनेरी ठिपके नसतात. ते वर्णन लाजवर्दाचं आहे. जुन्या ग्रंथांत नीलमाच्या नावावर जे जे लिहिलंय, त्यातलं बरंच याचं आहे.

पैलू
म्हणजे नीलमाने नावसुद्धा याचंच ढापलं!

दातकोरणी
मी दातांच्या क्षेत्रातली, म्हणून ही गोष्ट माझ्या वाट्याची. 🙂 जर्मनीत डालहाइम इथे मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीतल्या एका स्त्रीच्या दातांवरचं कीटण संशोधक तपासत होते. दात साफ करताना आम्ही खरवडून फेकतो ना, तेच. ते विरघळवलं तर सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण दिसले, शंभराहून जास्त. तपासणीत तो लाजवर्द निघाला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाई पंचेचाळीस ते साठ वयाची, काळ साधारण इसवीसन १००० ते १२००.

कण दातांत कसे गेले? सगळ्यात पटणारं कारण म्हणजे ती हस्तलिखितं रंगवत होती, आणि ब्रशला टोक काढायला ते ओठांत धरत होती. तिच्या नावाने एक पान शिल्लक नाही. पोथ्या रंगवणारे ते सगळे पुरुष भिक्षू, असं कित्येक वर्षं गृहीत धरलेलं. आणि इतका महागडा रंग अननुभवी हातात कुणी देत नसतं, म्हणजे ती पट्टीची चित्रकर्ती असणार. कीटण बघण्याची माझी नजर बदलली त्या दिवसापासून.

कुंचला
@दातकोरणी, अंगावर काटा आला. मीसुद्धा ब्रशचं टोक ओठांतच काढते.

दातकोरणी
नका हो काढू! रंगांत काय काय असतं! (पण संशोधकांच्या पुढच्या पिढ्यांना तुम्ही सापडाल हे नक्की.)

टांकसाळ
या रंगाचा बाजार बसला त्याचीही तारीख आहे. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीन बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. अट अशी की किलोला ३०० फ्रँकच्या वर किंमत जाता कामा नये. भट्ट्यांच्या भिंतींवर आपोआप निळा थर धरतो हे लोकांनी पाहिलं होतं, जर्मन कवी गटेनेही १७८७ मध्ये सिसिलीतल्या चुनाभट्ट्यांजवळ ते टिपून ठेवलंय. १८२८ मध्ये बक्षीस मिळालं ज्याँ-बाप्तिस्त गिमे यांना. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यांनीही स्वतंत्रपणे कृती जाहीर केली. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत भाजायचं. खनिजवेडा म्हणतात तेच गंधकाचे अणू त्याच जाळीत बसतात, फक्त डोंगराऐवजी भट्टीत.

शतकानुशतकं राजे-पोपांना जपून वापरावा लागलेला रंग पन्नासेक वर्षांत कपड्यांच्या निळीत आला. पांढरे कपडे पिवळट दिसू नयेत म्हणून बादलीत घालायची नीळ बहुधा हीच.

मणिमाला
हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. नीळ! लहानपणी त्या पाण्यात हात बुडवून हात निळे करायचे मी.

खाणवाट
उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले, सुंदर आहेत. पण खाणीबद्दल आणि आजच्या व्यापाराबद्दल कुणी लिहिलं नाही.

जागेचं नाव सर-ए-संग. बदख्शानच्या दक्षिणेला कुरान-ओ-मुंजान भागात, कोक्चा नदीच्या अरुंद खोऱ्यात. तेराव्या शतकात मार्को पोलो या डोंगराचा उल्लेख करतो, जगातला सगळ्यात उत्तम निळा इथला म्हणतो. १८३७-३८ च्या हिवाळ्यात जॉन वुड हा इंग्रज नौदल अधिकारी खाणीपर्यंत पोचला. त्याने खाणकाम पाहिलं ते असं: खडकाखाली झुडपं पेटवायची, खडक तापला की गार पाणी मारायचं, तडकला की घण घालून पाडायचा. दगडाच्या प्रतीही त्याने नोंदवल्या, नीली, आसमानी आणि हिरवट. नीली सगळ्यात वरची.

नंतर खाणीत सुरुंग आले. त्यांनी काम झटपट होतं, पण लाजवर्दाला आतून बारीक तडे जातात आणि मोठा चांगला ठोकळा चिरून वाया जातो. तडे भरायला मग मेण, राळ, रंग. बाजारात रंगवलेला माल इतका दिसतो त्याचं एक मूळ खाणीतच आहे.

सोव्हिएत युद्धाच्या काळात अफगाण मुजाहिदीन नेते अहमद शाह मसूद यांच्या लढ्याला पंजशीरचा पाचू आणि बदख्शानचा लाजवर्द यांच्या व्यापाराचा आधार होता. २०१४ मध्ये एका स्थानिक सशस्त्र गटाने खाणी ताब्यात घेतल्या. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०१६ च्या अहवालात सांगितलं की या दगडाचा पैसा तालिबानसह सशस्त्र गटांना पोचतो आहे, म्हणून लाजवर्दाला संघर्ष-खनिज मानावं. माल डोंगर उतरून पेशावरच्या नमक मंडीत येतो, तिथून आणि थेटही मोठा भाग चीनला जातो. चीनमध्ये या दगडाची ओढ जुनी. छिंग राजघराण्याच्या काळात चौथ्या श्रेणीच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर लाजवर्दाचा गोळा असे, आणि स्वर्गमंदिरातल्या पूजेला सम्राट लाजवर्दाची माळ घालत.

या सगळ्यात ज्याने खडक फोडला त्याच्या हातात काय पडतं, हे विचारल्याशिवाय मला या दगडाचं कौतुक पूर्ण वाटत नाही.

सोनसळी
@खाणवाट, मग घ्यायचाच नाही का लाजवर्द?

खाणवाट
@सोनसळी, मी तसं म्हणणार नाही. तिथल्या कित्येक कुटुंबांची चूल त्यावर आहे, पिढ्यानपिढ्या. माझं म्हणणं एवढंच की विक्रेत्याला विचारा, माल कुठून आला, कोणाकडून घेतला. दर वेळी उत्तर मिळणार नाही. पण विचारणारे वाढले की फरक पडतो. दुसऱ्या खाणीही आहेत. चिलीत अँडीजमध्ये ओव्हायेजवळ मिळतो, तो १९८४ पासून चिलीचा राष्ट्रीय दगड आहे. त्यात पांढरा कॅल्साइट जास्त असतो. रशियात बैकल सरोवराच्या दक्षिणेला स्ल्युद्यांका भागातही निघतो.

उत्खनन
खाणवाट, हा प्रतिसाद यायलाच हवा होता. "वाटेचं मोल" मी लिहिलं, पण वाटेवर कोण उभं असतं हे तुम्ही दाखवलंत. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर उत्तर अफगाणिस्तानात अमूदर्या नदीच्या खोऱ्यात शोर्तुगाय इथे आपली वसाहतच टाकली होती, घरापासून इतक्या दूर. १९७६ मध्ये ती सापडली. सिंधूच्या मापाच्या विटा, गेंड्याची मुद्रा, आणि लाजवर्दाचं काम केल्याच्या खुणा. बहुधा दलालांची साखळी टाळून खाणीजवळ जाऊन बसायचं होतं त्यांना.

घासकाम
मी खडे घासून पॉलिश करतो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंचा मणी फुटलेला आहे आणि त्याचा उपयोग करता येईल.

१) फुटलेल्या मण्याची कड झिलई नसलेल्या पांढऱ्या टाइलच्या पाठीवर घासा. लाजवर्दाची रेघ फिकट निळी येते. सोडालाइट हा दिसायला जवळचा भाऊ, त्याची रेघ पांढरी.
२) तोच तुकडा ओल्या बारीक पॉलिशपेपरवर जोरात घासा आणि लगेच वास घ्या. लाजवर्द घासताना गंधकाचा, सडक्या अंड्याचा वास येतो. माझ्या चाकावर लाजवर्द लागला की शेजारचा कारागीर न बघता सांगतो.
३) कापसाला ॲसिटोन लावून प्रत्येक मण्यावर, भोकाजवळ, हळूच फिरवा. कापूस निळा झाला तर वरून रंग दिलेला आहे.

ॲसिडचा थेंब टाकून बघा असं कुणी सांगेल. अजिबात करू नका. वास येईल, पण डागही कायमचा पडेल. लाजवर्दाला आम्ल चालत नाही. घाम, अत्तर, लिंबू, सगळ्यापासून जपायचं. स्वच्छ करायला ओलसर मऊ फडकं पुरे.

आणि मण्यांवरून बोट फिरवून बघा. जुनं हातकाम असेल तर पांढरी शीर बोटाला किंचित खोल लागेल. लाजवर्दाची कठीणता मोह्सच्या मापावर ५ ते साडेपाच, कॅल्साइटची ३, पायराइटची सहाच्या वर. एकाच खड्यात तीन कठीणता, म्हणून घासताना मऊ भाग आधी खाली जातो. सपाट आरशासारखा मणी करणं हे खरं कौशल्य.

खनिजवेडा
घासकाम यांना अनुमोदन. ज्याला "स्विस लॅपिस" म्हणतात तो जॅस्पर नावाचा रंगवलेला दगड, बराच कठीण, त्यात पायराइट दिसत नाही. १९५४ मध्ये जर्मनीत स्पिनेल या दुसऱ्याच खनिजाची पूड भाजून नक्कल केली होती, त्यात तर सोन्याचे खरे कण टाकत. खोट्या दगडात खरं सोनं!

मणिमाला
आज दुपारी सगळं केलं, घासकामदादांनी सांगितलं त्या क्रमाने.

टाइलच्या पाठीवर रेघ आली, आभाळासारखी फिकी निळी. पॉलिशपेपरवर घासलं आणि नाकाशी धरलं. आधी काही नाही. दुसऱ्यांदा जोर लावला आणि वास आला, अगदी स्पष्ट! स्वयंपाकघरातून मुलगी ओरडली, "आई, काय जळतंय?" मी हसत सुटले.

मग ॲसिटोन. उरलेल्या ४० मण्यांपैकी ३३ मण्यांवर कापूस पांढरा राहिला. सात मण्यांवर निळा झाला. भिंगातून पाहिलं तर त्या सातांत तड्यांच्या बाजूने रंग दाट साचलेला दिसतो. पण पायराइट त्यांतही आहे, वेड्यावाकड्या कडांचं.

घासकाम
अभिनंदन, ताई. ते सात मणीही लाजवर्दच असणार, हलक्या प्रतीचे, पांढरेपणा झाकायला रंग दिलेले. माळ तुटून कधीतरी मणी हरवले असतील आणि कुणीतरी मिळतील तसे भरले असतील. पुन्हा ओवताना प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ मारा, म्हणजे एकमेकांवर घासणार नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मणी पडेल.

सोनसळी
ते सात मागच्या बाजूला मानेकडे ओवा, दिसणार नाहीत.

मणिमाला
@सोनसळी, माझ्याही मनात तेच आलं होतं. पण दोरा तुटायच्या आधी मी माळेचा एक फोटो काढला होता, तो मोठा करून पाहिला. सातही मणी सलग आहेत, आणि मधोमध, पुढेच. म्हणजे आजीने, किंवा तिच्याही आधी कुणी, ते मुद्दाम समोर घातले. रंग दिल्यामुळे ते जास्त गर्द दिसतात, तिला तेच आवडले असतील.

फोटो समोर ठेवून त्याच क्रमाने ओवायला बसले आहे. अकरा झाले. फुटलेल्या मण्याचे दोन्ही तुकडे कापसात ठेवलेत.